कडूबाईनं पोटात ठेवलेली गोष्ट

कडूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सारी आळी म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. कोणाच्या गाईला कालवड झाली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, हे घरोघर पोचवायची बिनपगारी नोकरी तिनं आयुष्यभर इमानानं केली. अशा बाईनं एकच गोष्ट वर्षभर पोटात ठेवली, आणि नेमकी तीच बोलायला हवी होती.

पारनेरकडच्या त्या गावात तिची धाकटी सविता खो-खो खेळायची. थोरलीही खेळायची, तीही झकास. पण तिला न्हाण आलं त्याच दिवशी कडूबाईच्या सासूनं तिची शाळा सोडवली आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. कडूबाईचा नवरा आसाराम आईपुढं चकार शब्द बोलला नाही.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सविताची पाळी सुरू झाली. तोवर सासू जाऊन दोन वर्षं झाली होती. कडूबाई मात्र अजून तिला भिऊनच होती. तिनं पोरीचा दंड घट्ट धरला. "कुनाला बोलायचं न्हाई. सरांना न्हाई, आन् बापाला तर मुळीच न्हाई." कपडे ती स्वतः लांबच्या ओढ्यावर नेऊन धुवायची.

त्या वर्षात पोर अशी वाढली की शाळेच्या झग्याची दुमड दोनदा उसवून खाली सोडावी लागली. पाय लांबले, कंबर रुंदावली, ताकद मात्र मागंच राहिली. शाळेच्या ओट्यावरून उडी मारून ती खाली आली की दोन्ही गुडघे आत झुकायचे. खो-खो शिकवणारे सहादेव सर भले माणूस, पण त्यांना वाटलं पोरगी आळसावली. त्यांनी उड्या दुप्पट केल्या.

"आई, पाय माजं ऐकतच न्हाईत," सविता रात्री म्हणायची.

कडूबाई कोमट तेलानं गुडघे चोळून द्यायची. नगरला निवड झाली की क्रीडा वसतिगृहात राहून पोरगी शिकणार होती, थोरलीसारखी चुलीपुढं बसणार नव्हती. तेवढ्यासाठी तर ही सगळी लपवाछपवी चालली होती.

निवडीच्या दिवशी नगरच्या मैदानावर खांबाशी वळताना सविताचा पाय जागीच राहिला आणि अंग फिरलं. तिची किंकाळी ऐकून कडूबाई चप्पल टाकून धावली.

गुडघ्याच्या आतला, हाडं बांधून ठेवणारा पट्टा तुटला होता. दवाखान्यात तपासता तपासता डॉक्टरांनी विचारलं, "हिची पाळी कधी सुरू झाली?"

आसाराम आणि सर दोघंही तिथंच उभे होते. कडूबाई खाली बघत म्हणाली, "वरीस झालं."

"या वयात मुली भराभर वाढतात. उडी मारली की गुडघा आत पडतो. उतरायचं कसं, ते नव्यानं शिकवावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "आता खेळणं अवघड आहे."

सरांचा चेहरा पडला. "ताई, एक शब्द बोलायचा होता मला. तिच्या उड्या मी बंद केल्या असत्या."

कडूबाई नवऱ्याच्या रागाची वाट बघत राहिली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं, निदान लपवलं ते बरोबर तरी ठरलं असतं. पण आसाराम खाटेच्या कडेला बसला आणि पोरीच्या तळपायावरून हात फिरवू लागला.

"थोरलीच्या येळंला मी आयपुढं गप बसलो, ते आजून मला खातंय," तो म्हणाला. "हिला मी कशाला आडवलं आसतं गं? इचारायचं तरी हुतं मला."

कडूबाईनं तोंडात पदर कोंबला. सविता सगळं ऐकत होती. भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "मग मला का गप बसवलंस, आई?"