ताबा घेतला, सही

माझं आणि माझ्या भावजयीचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पंपिंग स्टेशनवर तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते; फक्त म्हणताना माझा सूर वाकडा लागतो. बाई हसते कमी, बोलते त्याहून कमी, आणि तिचं चुकलंय असं आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. अशा माणसाशी कोण कसं पटवून घेणार?

माझं शिवणकामाचं दुकान स्टेशनच्या गेटासमोर आहे, वरच्या मजल्यावर मी राहते. मशीनवर बसलं की गेटातून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, सगळं दिसतं. अख्ख्या शहराचं पाणी इथून टाकीत चढतं. कंट्रोल रूममध्ये चोवीस तास कुणीतरी खुर्चीवर असावंच लागतं, आणि तिथला नियम एकच: पुढच्या माणसानं रजिस्टरात ‘ताबा घेतला’ लिहून सही केल्याशिवाय आधीच्यानं खुर्ची सोडायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. ऑपरेटरबाईची पाळी सहा ते दोन. दोन वाजता तिच्याकडून ताबा घेणारा माझा धाकटा भाऊ, छोट्या. त्यांचं जुळलं ते तिथंच, रोजच्या त्या सहीच्या दोन मिनिटांत.

मुलगी झाली, ठमी, तेव्हा दोघांनी घरातही तीच पद्धत सुरू केली. पाळण्याला सुतळीनं वही बांधली. ‘८.१० दूध. ९.०० झोपली. ताबा घेतला.’ पुढे सही, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मला हसू आवरेना. म्हटलं, “अगं, पोर आहे की पंप?”

“पंपाला कुणी विसरून जात नाही ताई,” ती म्हणाली.

सकाळी ठमी बापाकडे, दुपारनंतर आईकडे. मधली दहा मिनिटं, तो आत जाऊन सही करून तिला मोकळी करेपर्यंत, ठमी माझ्या कडेवर. त्या दहा मिनिटांची वहीत कधी नोंद नसे. आत्याची कसली सही घ्यायची?

आता मूळ गोष्ट. स्टेशनवर शिफ्ट इन्चार्जची एक जागा निघणार होती. इन्चार्जला दिवसाची ठरलेली ड्युटी मिळते, आठवड्याची सुट्टी बुडत नाही. ठमीच्या जन्माआधीच ठरलं होतं की परीक्षा ऑपरेटरबाईनं द्यायची. ती छोट्याहून चार वर्षं सीनियर, नुसत्या आवाजावरून कुठल्या पंपाचं बेअरिंग बिघडत चाललंय ते सांगणारी. “तू दे परीक्षा, पोरीचं मी बघतो,” असं छोट्या माझ्यासमोर म्हणाला होता. ठमी पाच महिन्यांची झाली आणि नोटीस बोर्डावर उमेदवारांची यादी लागली. बायकोच्या नावाखाली नवऱ्याचं नाव! पठ्ठ्या ताकास तूर लागू न देता फॉर्म भरून आला होता.

घरात भांडण झालं नाही. भांडले असते तर निचरा तरी झाला असता. जे झालं ते वहीत झालं. तिचा शेरा: ‘फॉर्म भरल्याचं सांगितलं नाही.’ त्याचा शेरा: ‘परवानगी लागत नाही.’ तिचा: ‘बाटली धुतलेली नव्हती.’ त्याचा: ‘बाई अजून इन्चार्ज झालेल्या नाहीत.’ महिनाभर एका खोलीत राहून ही दोघं एकमेकांशी अशी बोलत होती.

परीक्षा प्रात्यक्षिक होती, हेड ऑफिसात, एकेकाला बोलावून. तिची मंगळवारी दुपारी तीनला, त्याची गुरुवारी सकाळी दहाला. ठमीच्या तापापायी बाईच्या सगळ्या सुट्ट्या संपलेल्या, एकच उरलेली. ती तिनं गुरुवारी टाकली, त्याला मोकळं करायला.

“स्वतःच्या परीक्षेला घे की,” मी म्हटलं.

“मंगळवारी दोनला सुटतेच मी. बसनं अर्धा तास. त्यालाही देऊ दे परीक्षा. हरवायचं तर समोरासमोर हरवेन.”

असा तोरा! मला तेव्हा तो तोराच वाटला.

मंगळवारी छोट्या पावणेदोनला आला. ठमीला माझ्या हातात दिलं, रस्ता ओलांडला आणि आत गेलाच नाही. रखवालदाराच्या केबिनला टेकून सिगरेट पेटवली. दोन वाजले. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग त्यानं घड्याळ पाहिलं, आणि तेव्हा मला उमगलं. उशीर झालेला माणूस घड्याळ पाहून पळत सुटतो. हा पाहून पुन्हा टेकून उभा राहिला. आत ती खुर्चीत अडकलेली. सही झाल्याशिवाय ती उठणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

रस्ता बारा पावलांचा. “छोट्या, आत जा,” एवढी एक हाक मारायची होती. मी मूग गिळून बसले. आपलेच दात, आपलेच ओठ, असं मनाशी म्हटलं. पण ते खरं नव्हतं. मला ती बाई एकदा तरी हरलेली पाहायची होती.

दोन पस्तीसला तो आत गेला. लगेच ती धावत बाहेर आली, तेवढ्यात समोरून बस निघून गेली. चारच्या सुमारास परतली. तीनला दार बंद झालं होतं. माझ्याकडून ठमीला घेत तिनं विचारलं, “किती वाजता आला होता तो?”

“गिऱ्हाईक होतं गं, माझं लक्ष नव्हतं.”

तिनं माझ्या मशीनकडे पाहिलं, मग समोरच्या गेटाकडे. “बरं,” म्हणाली आणि गेली.

गुरुवारी साडेआठला छोट्या माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, कडेवर ठमी, हातात सुतळीसकट तोडलेली वही. “बघ, काय लिहून गेलीय!” वहीत होतं: ‘आजची सुट्टी रद्द. ड्युटीवर जाते. ताबा तुझ्याकडेच. सही झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.’

“केसानं गळा कापला माझा! ताई, धर हिला. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

ठमीनं माझ्याकडे हात पसरले. मी घेणारच होते, पण वही ठेवताना मागचं पान उलटलं. मंगळवार. ‘२.०० ते २.३५ ठमी आत्याकडे.’ शेऱ्याच्या रकान्यात, त्याच सरळ अक्षरात: ‘आत्याला गेट दिसत होतं.’

आधी रागच आला, मला वहीत घेणारी ही कोण? मग लाज वाटली. इतकी, की त्या पोरीच्या हातांकडे पाहवेना.

“नाही धरत,” मी म्हटलं.

“तू माझी बहीण की तिची?”

“तुझीच. मंगळवारी होते तेवढं पुरे झालं.”

“म्हणून तर एकटी मशीन बडवत बसलीयेस!” तो ओरडला. मी दार लावून घेतलं. ठमीचं रडणं जिना उतरून रस्त्यावर जाईपर्यंत ऐकत उभी राहिले.

तो पोरीला घेऊनच हेड ऑफिसात गेला. पोरीसकट त्याला आत सोडलं नाही. जागा दुसऱ्या स्टेशनच्या एका माणसाला मिळाली. त्याला बेअरिंगचा आवाज कळत नाही, असं ऑपरेटरबाई म्हणते. मला नाही, रखवालदाराला.

छोट्या माझ्याशी बोलत नाही. पण दोन रोजच वाजतात, आणि ठमीला धरायला दुसरं कुणी नाही. तो खाली मान घालून तिला वहीसकट माझ्या हातात देतो आणि थेट आत जातो. दहा मिनिटांत ती बाहेर येते. पूर्वी पोरीला घेऊन चालू लागायची. आता आधी वही उघडून माझ्या मशीनवर ठेवते, वर पेन.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, “अगं, घरच्या माणसाची कसली सही?”

“घरच्याच माणसाची लागते,” ती म्हणाली आणि मी सही करेपर्यंत तिथंच उभी राहिली.