पहिला नग

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या गोळ्या डबीत भरत होते. चाकणला कंपनीच्या बसमध्ये चढताना तो पायरीवरच खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही... याला आता महिना होईल.

माझा हा थोरला भाऊ तिथल्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी तपासणीत होता. दिघीच्या घरी जेवायला बसला तरी भाकरी उलटीपालटी करून बघायचा आणि मग 'पास' म्हणायचा. वहिनी वैतागायची, आम्ही हसायचो. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा कुणी तोंड उघडायच्या आत हाच म्हणाला, माझी घ्या. मग त्याच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त, सोनोग्राफी, पुन्हा रक्त... त्यात एकदा चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची होती. सकाळची पहिली टाकून द्या, पुढची धरा, असं लॅबमधल्या बाईंनी बजावलं होतं. दादाने पहिलीही धरली, वर कॅनला कंपनीतला टॅग बांधला: 'पहिला नग. टाकू नये.' कंपनीत शिफ्टचा पहिला नग तपासून, टॅग लावून शिफ्ट संपेपर्यंत जपतात. बाईंनी कॅन परत केला. "तीस वर्षांत पहिला नग कधी टाकला नाही, मॅडम," दादा ओशाळून म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो टॅग मी गंमत म्हणून माझ्या फाइलला बांधला.

किडनी जुळत होती, पण त्याच्याच हृदयात ब्लॉकेज निघाले. डॉक्टरांनी त्याला नकार दिला आणि लवकर अँजिओप्लास्टी करून घ्या म्हणाले. त्या दिवशी पार्किंगमध्ये दादा रडला. "रिजेक्ट झालो गं," एवढंच म्हणाला.

शेवटी माझ्या नवऱ्याची किडनी जुळली. दादा शिफ्ट सुटली की रोज दवाखान्यात येऊन बसायचा. त्याच्या अँजिओप्लास्टीचं काढलं की म्हणायचा, आधी तुझं होऊ दे. माझं झालं, मी हिंडूफिरू लागले, आणि त्याला विचारायचं माझ्याकडूनच राहून गेलं. ही बोच जात नाही.

मागच्या आठवड्यात तपासणीला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने फाइलला लोंबणारा मळका टॅग पाहिला आणि कात्री उचलली.

"हा काढून टाकू का, काकू?"

"आधी वाच, काय लिहिलंय त्यावर," मी म्हटलं.

तिने वाचलं, आणि कात्री खाली ठेवली.