माहितीपटातली तज्ज्ञ, चिखलातलं प्रेत

कंपालातल्या कलादालनात प्रदर्शनं मांडणाऱ्या नाकिगांडाबाई वस्तीतल्या बिनपरवाना चित्रपटांत भूमिका करायच्या आणि नेहमी मरायच्या. माहितीपटांत मात्र त्याच चित्रपटांवर तज्ज्ञ म्हणून बोलायच्या. नवा माहितीपट वस्तीच्या व्हिडिओ हॉलमध्ये लागला, तेव्हा आपलं त्यातलं बोलणं आठवून त्या मागे बसल्या. आता वस्तीतले हे लोक आपल्याला पुन्हा मरायला बोलावतील का, हीच धास्ती.

पडद्यावर त्या म्हणाल्या, "ही माणसं भंगारातून बंदुका बनवतात."

माइकवर लुगांडा या तिथल्या भाषेत भाषांतर करणाऱ्या सेम्पाने चित्र थांबवलं. "ही माणसं? आत्या, मागच्या महिन्यात आमच्याच चिखलात मेलीस ना?"

हॉल खदखदला. बाई उठल्या. "मेले! आणि तुम्ही मला उचलायला विसरलात."

"उद्या सकाळी सातला ये," वस्तीतल्या चित्रपटांचा दिग्दर्शक किबिरिगे ओरडला, "या वेळी उचलू."