ओतिलियासाठी गप्प बसलेली दरी

ओतिलियाबद्दल कुणीतरी लिहावं असं आमच्या गावात सगळे म्हणतात, पण लिहायला बसत कुणी नाही. मी आयुष्यात जी काही थोडी पत्रं लिहिली, ती सगळी तिनेच पायी पोचवली, म्हणून हे धाडस करतो आहे. काही चुकलं तर ती सांगेलच. तिला सांगायला आवडतं.

एकतीस वर्षं ती आमच्या दरीची पोस्टमनबाई होती. खाली देवळापासून वर लोस बेरोदेसच्या वस्तीपर्यंत जायची, पाठीवर पिशवी, हातात लांब काठी. आमची घरं एक या कड्यावर तर एक त्या कड्यावर. प्रत्येक दारात कोण जाणार? ती वाटेवरूनच शीळ घालायची, "रेमेदिओस, काराकासहून पत्र आलंय, खाली ये!" रेमेदिओस चपला शोधेपर्यंत अख्ख्या दरीला कळलेलं असायचं की तिच्या मुलाने एकदाचं पत्र टाकलं. आमच्या ला गोमेरा बेटावर हे असंच. बोट तोंडात घालून आम्ही शिळेवर पुरती वाक्यं बोलतो, आणि शीळ एकासाठी घातली तरी ऐकतात सगळे. उत्तरंही सगळेच देतात.

गुडघे गेले तेव्हा ती निवृत्त झाली. निरोपाला कचेरीने थोडे पैसे दिले, त्यात तिने ड्रोन घेतला. आम्ही हसलो.

"सहासष्टाव्या वर्षी खेळणं घेतलंस?" मी विचारलं.

"मातिआस, माझ्या वाटा मला बघायच्यात. तू पाठीवर घेऊन जाणार आहेस का?"

माझी पाठ तिला ठाऊक आहे.

सहा महिन्यांत तिचा हात असा बसला की खजुराच्या दोन झावळ्यांमधून ती ड्रोन काढायची आणि पान हलत नसे. पण नियम असा की ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेबाहेर जाता कामा नये. चारशे-पाचशे पावलांवर त्याची माशी होते, मग तीही दिसत नाही. तिथून ती त्याला निमूट परत आणायची. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेली बाई. नियम मोडायची नाही, नियमाशी भांडायची.

गेल्या हिवाळ्यात कडा कोसळला आणि लोस बेरोदेसची वाट वाहून गेली. त्या वस्तीत आता एकच माणूस राहतो, ओतिलियाचा थोरला भाऊ फेर्मिन. वय चौऱ्याऐंशी. कुदळीने पायाला झालेली त्याची जखम भरत नव्हती. याइसा नर्स डोंगरमाथ्यावरून चार तासांचा वळसा घालून आठवड्यातून एकदा जायची, पण जखम रोज बघायला हवी होती.

"शिळेवर विचारा की," कुणीतरी म्हणालं.

"फेर्मिनला?" याइसा म्हणाली. "बरगडी मोडली होती तेव्हा तीन दिवस 'झकास आहे' म्हणून शीळ घालत होता. त्याच्या शिळेवर माझा विश्वास नाही. मला पाय बघायचाय."

शेवटी आरोग्य खात्यात ठरलं की रोज पाय बघण्याची सोय झाली नाही, तर महिनाअखेर फेर्मिनला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवायचं. ओतिलियाने हे त्याला कळवलं. त्याने जे उत्तर शिळेवर दिलं ते कड्याकड्यावरून पुढे जात देवळाच्या अंगणातल्या बायकांपर्यंत पोचलं. मला ते इथे लिहिता येणार नाही.

मग तिने विमान खात्याकडे अर्ज केला. ड्रोनला दोन किलोमीटर, नजरेबाहेर जाऊ द्यावं. वाटेत तीन माणसं उभी राहतील. पहिला मी, जुन्या खळ्यावर. दुसरा सिरिलो, जो सुळक्यावर शेळ्या चारतोच. तिसरा खुद्द फेर्मिन, आपल्या अंगणात. ड्रोन सतत कुणाच्या तरी डोळ्यांसमोर राहील आणि आकाशात दुसरं काही आलं तर तिला लगेच कळेल.

शेजारच्या तेनेरीफे बेटावरून सेन्योर आर्तेआगा नावाचे त्या खात्याचे अधिकारी आले. सभ्य माणूस, पण बूट दरीचे नव्हते. त्यांनी आणलेले बिनतारी संच आम्ही घेऊन गेलो. ड्रोन हवेत असतो, त्याला संदेश मिळतो; पण जमिनीवर पहिल्या वळणापलीकडे संचांतून नुसती खरखर. मोबाइल तर इथे चालतच नाही.

"मग हे तिघे तुम्हाला कळवणार कसं, सेन्योरा ओतिलिया?"

"शिळेवर."

ते हसले नाहीत. हे मला आवडलं. "दाखवा," म्हणाले.

मंगळवारी पहिली चाचणी झाली. ड्रोन माझ्या डोक्यावरून गेला, सिरिलोला दिसला. त्याने शीळ घातली, "जरा डावीकडे घे!" लगेच समोरच्या कड्यावरून रेमेदिओस, "कुणाला डावीकडे?" खालून कुणीतरी, "पाववाला आला का?" "पाववाला नाही, ओतिलियाचं यंत्र आहे!" "कुठाय? मला दिसत नाही!" "उजवीकडे बघ, उजवीकडे!" हे शेवटचं उजवीकडे कुणी कुणाला सांगितलं देव जाणे. ओतिलियाने ते स्वतःसाठी धरलं आणि ड्रोन सरळ खजुरात गेला.

आर्तेआगा वहीत बघत म्हणाले, "अर्जात निरीक्षक तीन लिहिलेत. मी चौदा मोजले."

ओतिलियाचा चेहरा मी एकतीस वर्षं पाहिला होता, पावसात, उन्हात, वाईट पत्रं देताना. असा पडलेला कधी पाहिला नव्हता.

"गुरुवारी दुपारी माझी बोट आहे," ते म्हणाले. "त्याआधी सकाळी एकदा. फक्त एकदा."

बुधवारी सकाळी तिने काठी काढली आणि निघाली. शिळेवर सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम, पण 'शीळ घालू नका' हे शिळेवर सांगितलं की त्यावर तासभर चर्चा होणार, हे तिला माहीत होतं. म्हणून दारोदार. तिचे गुडघे पायरीपायरीला वाजत होते. मी पिशवी घेऊन मागे होतो. पिशवीत फक्त पाणी होतं, पण रिकाम्या पाठीने तिला त्या वाटेवर चालता येईना.

रेमेदिओस दारातच उभी राहिली. "एकतीस वर्षं शीळ घालून मला उठवलंस, आणि आता मी गप्प राहू?"

"अर्धा तास."

"माझी शेळी निघाली तर?"

"जाऊ दे. नवी घेऊन देईन."

"तू कसली देतेस! आत ये, बस. पाय बघ कसे सुजलेत." आणि तिने आम्हाला पाटाकाठच्या हिरव्या पाल्याचं सूप पाजलं, वर गोफियो, म्हणजे भाजक्या धान्याचं पीठ घालून. प्रत्येक घरी असंच. संध्याकाळी ओतिलिया घरी पोचली तेव्हा तिला पायरी चढवेना.

गुरुवारी सकाळी नऊला मी खळ्यावर उभा राहिलो. कुत्री बांधलेली होती. कडेकपारीला माणसं ओट्यांवर येऊन उभी होती, सगळी, पण आवाज नाही. रेमेदिओसने दातांत चीजचा मोठा तुकडा धरला होता, चुकून बोट तोंडात जायला नको म्हणून. माझ्या बहात्तर वर्षांत मी आमची दरी अशी ऐकली नव्हती. झावळ्यांचा आवाज येत होता. खाली पाटाचं पाणी.

ड्रोन गुणगुणत डोक्यावरून गेला. "दिसतोय, वाट मोकळी," मी कळवलं. माझे वरचे दात खोटे आहेत, पण शीळ गेली. मग सिरिलो, "दिसतोय, मोकळी." त्याची शीळ मी पुढे ओतिलियाला दिली. माथ्यावर वारा जोरात होता, म्हणून तिने ड्रोन खाली घेतला, कड्याच्या आडोशाला. बरोबरच होतं ते.

आणि वरून शीळ आली, "थांब! तार!"

त्या वस्तीतून गवताचे भारे खाली सोडायला पूर्वी दरीवरून एक तार ओढली होती. फेर्मिननेच, तरुणपणी. ती कधीच तुटली असं मी समजत होतो. तुटली नव्हती. गंजून खडकाच्या रंगाची झाली होती. सिरिलोला दिसली नाही, कॅमेऱ्याला दिसली नाही.

फेर्मिनची शीळ सिरिलोने मला द्यायची, मी ओतिलियाला, अशी आमची साखळी. सिरिलोचा हात वर जाताना मला दिसला. माझंही बोट अजून ओठांपर्यंत पोचलं नव्हतं. पण तेवढ्यात ड्रोन जागच्या जागी थांबलासुद्धा होता, हे सिरिलोने नंतर सांगितलं.

तिने थेट ऐकलं होतं. दोन किलोमीटरवरून, भावाची शीळ. एरवी पाववाला, शेळ्या आणि आमच्या बडबडीत ती कधीच पोचली नसती.

मग फेर्मिन निवांतपणे सांगत गेला, "वर. अजून वर. आता ये." तारेवरून दोन हात राखून ड्रोन पलीकडे गेला.

त्या वेळी खाली देवळाच्या अंगणात, हे मला मागाहून कळलं, याइसा स्क्रीनला नाक लावून बसली होती. स्क्रीनवर फेर्मिन खुर्चीत, पाय स्टुलावर, पट्टी सोडलेली.

"जवळ घ्या. अजून. हं, कड भरत आलीय," याइसा म्हणाली. "पण दुसरा पाय का लपवतोय? ओतिलिया, विचार त्याला."

ओतिलियाने शीळ घातली. पडद्यावर म्हातारा दचकला आणि मुकाट्याने विजारीचा दुसरा पाय वर केला. तिथे काही नव्हतं, नुसतं मोज्याला भोक.

ड्रोन परत उतरला आणि मी धापा टाकत अंगणात पोचलो, तेव्हा आर्तेआगांनी घड्याळ पाहिलं. "त्या तारेपाशी तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिसऱ्या निरीक्षकाने. अर्जात नाव आहे."

"मीही ऐकलं," ते म्हणाले. "अर्थ कळला नाही, पण ऐकलं." त्यांनी देवळाच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली. रोज सकाळी एक फेरी, वाट बांधून होईपर्यंत. तार नकाशावर लाल पेन्सिलीने काढली.

ओतिलियाने बोट तोंडात घातलं आणि दोनच शब्द सोडले, "परवानगी मिळाली!"

त्यानंतर जे झालं त्याने देवळाची कबुतरं उडाली. दोन्ही कडे एकदम बोलायला लागले, अर्ध्या तासाचं तुंबलेलं सगळं एका दमात. आर्तेआगांनी कानांवर हात ठेवले आणि पहिल्यांदा हसले.

"काय म्हणताहेत?"

"रेमेदिओसची शेळी खरंच गेली," ओतिलिया डोळे पुसत म्हणाली. "कुणी पाहिली का, विचारतेय."

शेळी ओतिलियानेच शोधली, त्याच दुपारी, ड्रोन नजरेच्या टप्प्यातच उडवून.

आता रोज नऊला ड्रोन वर जातो. मी खळ्यावर असतो. फेर्मिनची जखम भरली आहे, पण फेरी चालूच आहे. वाट कुठे झाली अजून. चाळीस वर्षं दाढीला हात न लावलेला माणूस हल्ली रोज सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणात बसतो. ओतिलिया ड्रोन खाली घेते, त्याला नीट न्याहाळते आणि शीळ घालते, "डाव्या गालावर राहिलीय!"

दरीतले सगळे ऐकतात. उत्तरंही सगळेच देतात, पण ड्रोन घरी परतल्यावर.