दारात कोलम नव्हता

मिशन हॉस्पिटलातल्या सिस्टर ज्ञानम्मा आल्या तेव्हा आई ओट्यावर चिंच फोडत बसली होती. सिस्टर एरवी चपला पायरीवर काढतात आणि बसायच्या आधी कॉफी मागतात. त्या दिवशी त्यांनी चपला रस्त्यातच काढल्या, कॉफीचं नाव काढलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे. "अम्मा, एडिथबाई गेल्या," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "तिकडेच, त्यांच्या गावी. झोपेतच, म्हणतात." आईनं हातातला चिंचोका बाजूला ठेवला. "कधी?" "महिना झाला. पत्र बोटीनं आलं." आईनं बोटांना चिकटलेली चिंच पदराला पुसली. "म्हणजे महिनाभर मी रोज..." एवढं म्हणून थांबली. मग विचारलं, "जवळ कोण होतं?"

"कोणी नाही, अम्मा."

एडिथबाई आमच्याकडे राहिल्या त्याला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली. इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या चर्चमधून काही मंडळी एका हिवाळ्यापुरती सेवेला तंजावरला आली होती. बोटीचं भाडं स्वतःच्या खिशातून, काम मिशन हॉस्पिटल सांगेल ते. सगळी पोरं विशी-बाविशीची, गिटार वाजवणारी, रस्त्यानं गात जाणारी. त्यांच्यात या एकट्या आईच्या वयाच्या. गावी लोकरीच्या दुकानात काम करत. आजारी आईची सेवा करण्यात उमर गेली, आई गेल्यावर दुकानातून रजा काढून निघाल्या. मिशनच्या आवारात मुलींच्या खोलीत एक खाट कमी पडली आणि कमी पडलेल्या खाटेवरचं माणूस, अर्थातच, या ठरल्या. अप्पा कॉलेजात इंग्रजी शिकवत, मिशनच्या डॉक्टरांशी त्यांची ओळख. आमच्या माडीवरच्या खोलीला बाहेरून वेगळा जिना होता. अप्पा शब्द देऊन बसले आणि मग घरी येऊन आईला सांगितलं. हा क्रम आमच्या घरात नेहमीचाच.

मेल वीथीतल्या आमच्या बोळात मराठी ब्राह्मणांची घरं थोडी, पण तोंडं पुष्कळ. "मिशनची बाई घरात घेतलीत? उद्या राजाला बाप्तिस्मा देईल," समोरच्या काकू म्हणाल्या. राजा म्हणजे मी. आई म्हणाली, "देईना का. कुणीतरी त्याला काहीतरी देतंय, तेच पुष्कळ." कारण मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो. नोकरी नव्हती, लग्न ठरत नव्हतं. आमच्या लोकांत मुली मोजक्या, पण मला नाही म्हणायला त्या कधी कमी पडल्या नाहीत. अजूनही लग्नामुंजीत मला गोष्टी सांगायला बोलावतात, कारण दुसरं कुठलं काम माझ्यावर सोपवायचा धीर कुणाला होत नाही. तेव्हा मला एक काम मिळालं. एडिथबाईंचा दुभाषा.

कावेरीकाठच्या खेड्यांत डोळ्यांचं शिबिर लागे. शाळेच्या पडवीत म्हातारी माणसं रांगेनं बसत. डॉक्टर औषधाचे थेंब घालत, आणि एडिथबाई त्या माणसांची डोकी दोन्ही हातांत धरून बसत. एवढंच त्यांचं काम. पोरं गाणी म्हणत, साक्ष देत, आपल्याला प्रभू कसा भेटला ते सांगत. बाईंना गाता येत नव्हतं आणि बोलायला उभं केलं की मान लाल व्हायची. एका गावी त्यांच्या पुढाऱ्यानं त्यांना उभं केलंच. बाई म्हणाल्या, "मला बोलता येत नाही. तुम्ही आम्हाला सावलीत बसवलंत, आभार." आणि बसल्या. आता सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. मी सुरू केलं. कावेरी आली, आईचं दूध आलं, तंजावरचे राजे आले, डोळा हा शरीराचा दिवा कसा ते आलं... मी थांबलो तेव्हा टाळ्या पडल्या. पुढच्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "एवढं सगळं ती दोन वाक्यांत बोलली? त्यांची भाषा किती सोयीची." परतीच्या बसमध्ये बाईंनी विचारलं, "मी काय म्हणाले, राजा?" मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेरच्या भातशेताकडे बघत विचार केला आणि म्हणाल्या, "मी बरीच शहाणी निघाले की."

पण त्यांचं आईशी खरं जमलं ते पहाटे, आणि तिथं दुभाषा लागलाच नाही. मार्गळी महिना होता, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौषाचा सुमार. आमच्याकडे त्या महिन्यात दारापुढे मोठाले कोलम काढतात, तांदळाच्या पिठानं. महाराष्ट्रातल्या वाचकांनी रांगोळी समजावी, पण फरक आहे. आधी ठिपके मांडायचे, मग एकच रेघ त्यांच्याभोवती वळणं घेत निघते आणि जिथून निघाली तिथे येऊन मिळते. मध्ये तुटता कामा नये. बाई जिन्यावर बसून बघत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईनं सगळा कोलम काढला आणि शेवटचं बोटभर अंतर मोकळं सोडून कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. बाईंकडे बघून म्हणाली, "हं. मिळव." मराठीत. बाई उतरल्या, पिठाची चिमूट घेतली आणि रेघ मिळवायला गेल्या ती भलत्याच वळणाला जाऊन भिडली. आईनं पदरानं पुसून पुन्हा अंतर सोडलं. "हं."

त्यानंतर रोज हेच. आई मराठीत बोले, बाई इंग्रजीत, आणि कुणी कुणाला "काय?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. आई त्यांना पोर म्हणायची. "त्या पोरीला कॉफी नेऊन दे." मी म्हणालो, "अगं, तुझ्या वयाची आहे ती." "लग्न नाही झालं, मूल नाही. पोरच." माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाली, त्यामुळे विषय मीच बदलला. रविवारी दुपारी त्यांची मंडळी ट्रांकेबारचा समुद्र बघायला, आणखी कुठे, मोटार भरून जात. मोटारीत जागा मोजकी असे. बाई आमच्या जिन्यावर बसून अप्पांचे फाटलेले मोजे नीट करत. एकदा म्हणाल्या, "माझ्या गावी मी किती वाजता घरी येते हे कुणालाच माहीत नसतं. इथे मला उशीर झाला तर तुझी आई दारात उभी असते. रागावलेली." मग सुईत दोरा ओवत हळूच म्हणाल्या, "मला ते फार आवडतं."

पुढे आजोबांचं श्राद्ध आलं. श्राद्धाच्या दिवशी विधी होईपर्यंत दारात कोलम काढत नाहीत. हे आमच्या बोळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. आई पहाटेपासून सोवळ्यात, स्वयंपाकघरात. एडिथबाई खाली उतरल्या, बघतात तो दार कोरं. त्यांना वाटलं असणार, आईला बरं नाही. त्यांनी कोनाड्यातला पिठाचा डबा घेतला आणि आयुष्यातला पहिला संपूर्ण कोलम एकट्यानं काढला. चांगला मोठा, मार्गळीला शोभेल असा. मग शिबिराची गाडी आली, त्या निघून गेल्या.

वाध्यारमामा, म्हणजे आमचे भटजी, आणखी दोघांना घेऊन वेळेवर येणार होते. दुपार कलली तरी पत्ता नाही. अप्पा आत-बाहेर करत होते, पण ते मागच्या अंगणात. पुढच्या दाराकडे कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी मला सायकलवर पिटाळलं. वाध्यारमामा घरी पानावर बसलेले. ताकभाताला हात लावणार तेवढ्यात मी पोचलो. "आलो होतो रे," ते म्हणाले. "दारात एवढा मोठा कोलम. म्हटलं, माझीच तिथी चुकली. परत फिरलो." त्या दिवशी त्यांनी घास घेतला असता तर आजोबा उपाशी राहिले असते आणि जबाबदारी गेली असती थेट माडीवर.

श्राद्ध झालं कसंबसं, अवेळी. ब्राह्मण गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "मिशनला निरोप दे. आजच्या आज खोली रिकामी झाली पाहिजे. मला बोळात तोंड दाखवायचंय." आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. बाई नुकत्याच येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण खोली म्हणताना अप्पांचं बोट वर गेलेलं त्यांनी पाहिलं असावं. तेवढ्यात आतून आई आली.

"कोलम मी काढला."

"तू?" अप्पा म्हणाले.

"हो. सवयीनं हात गेला. विसरले."

ज्या बाईला चार पिढ्यांच्या तिथ्या पंचांग न उघडता पाठ होत्या, ती विसरली. अप्पा पुढच्या दारात गेले. मी मागोमाग. कोलमाचे ठिपके दारूच्या दुकानातून सुटल्यासारखे चालले होते. रेघ कुठे जाड, कुठे गायब, पण शेवटी मात्र कशीबशी मिळालेली होती. अप्पांनी तो चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिला. "तुझा हात बिघडलाय," ते म्हणाले. "वय झालं," आई म्हणाली. अप्पा आत जाऊन झोपाळ्यावर बसले. खोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही. श्राद्धाचं अन्न घरच्यांनीच खायचं असतं, बाहेरच्यांना देत नाहीत. संध्याकाळी मी पाहिलं तर आई केळीच्या पानावर वडा आणि तिळाचा लाडू घेऊन बाहेरच्या जिन्यानं वर चालली होती. अप्पांनीही पाहिलं. ते पेपर वाचत होते. उलटा होता की सुलटा, मी बघितलं नाही.

हिवाळा सरला आणि ती मंडळी निघाली. शेवटच्या दिवशी पहाटे आईनं नेहमीसारखं बोटभर अंतर सोडलं, आणि एडिथबाईंची रेघ पहिल्याच झटक्यात, अगदी गोल वळण घेऊन मिळाली. त्यांनी वर पाहिलं. आई म्हणाली, "हं. उशीर होतोय." तांदळाच्या पिठाची एक पुडी त्यांच्या पिशवीत कोंबली आणि आत गेली. स्टेशनवर मीच गेलो. बाकीची मंडळी डब्यात गात होती. बाई खिडकीशी, पिशवी मांडीवर धरून. एरवी दोन वाक्यांची दहा मिनिटं करणारा मी, त्या दिवशी माझ्याकडे दोन वाक्यंसुद्धा नव्हती. आईनं माडीवरची खोली संध्याकाळपर्यंत झाडली नाही. माणूस गेल्यावर लगेच झाडू नये म्हणतात. पुढे ती कुणाला भाड्यानंही दिली नाही. दर नाताळला हॉस्पिटलच्या पत्त्यावर एक कार्ड येई, बर्फाचं चित्र असलेलं. आई ते उलटसुलट करून बघे आणि म्हणे, "थंडी फार दिसते तिथे."

बातमी आणली त्या दिवशी सिस्टर उठता उठता म्हणाल्या, "तिकडच्या शेजारणीनं पत्रात लिहिलंय, बाई रोज सकाळी पायरीवर पीठ सांडायच्या. वाऱ्यापावसानं जायचं, पण नेम सोडला नाही. तिला वाटायचं, पक्ष्यांसाठी असेल." आई म्हणाली, "पक्ष्यांसाठीच असतं ते. मुंग्यांसाठी पण." आणि पुन्हा चिंच फोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो तर दारात पाणी शिंपडलेलं, पण कोलम नाही. समोरच्या काकू आपल्या ओट्यावरून बघत होत्या. अप्पा बाहेर आले, त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, आणि तिला वळसा घालून ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं वाध्यारमामा रस्त्यानं चालले होते. आता पुरते म्हातारे झालेत, काठी घेतात. आमचं दार पाहून ते जागच्या जागी थांबले. घाबरेच झाले बिचारे. "रावसाहेब, आज तिथी आहे? माझ्याकडे तर काही नाही..."

"आहे, मामा," आई आतून म्हणाली. "तुमच्या पंचांगात नाही."

"कुणाची?"

"माडीवरची," अप्पा म्हणाले.

वाध्यारमामांनी काठी ओट्याला टेकवली आणि बसले. "ती वाकड्या कोलमाची?" आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. "मला काय कळत नाही? तो हात तुमच्या घरातल्या बाईचा नव्हे, हे तेव्हाच दिसलं होतं. पण दारात कोलम तो कोलम. ओलांडून कसा येणार?" मग इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "गोत्र?"

आई ताकाचं भांडं घेऊन बाहेर आली. ते त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "घरचंच."

वाध्यारमामांनी मान हलवली. ताक प्यायले.

त्यानंतर आई पुन्हा रोज कोलम काढते. मी हल्ली लवकर उठून ओट्यावर बसतो. ठिपके मांडून होतात, रेघ वळत वळत शेवटाला येते, आणि शेवटचं बोटभर अंतर राहिलं की आई कमरेवर हात ठेवून सरळ होते. थोडा वेळ तशीच उभी राहते, जिन्याकडे तोंड करून. इतकी वर्षं मला वाटायचं, तिची कंबर धरते. एकदा मी कुंभकोणमहून चोळायचं तेलही आणलं होतं. ती बाटली अजून फडताळात तशीच आहे, न उघडलेली... मग ती वाकते आणि रेघ स्वतःच मिळवते.