वीस अक्षरांची चौकट

मी मुळात संशयी माणूस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रामनगरच्या एका सोसायटीसाठी मी भाताच्या बियाण्याची यादी ठेवायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला, तोही लोक दोनदा बियाणं उचलतात या संशयापोटीच. यादीच्या कागदावर एका ओळीत बसावं म्हणून नावाच्या चौकटीला वीस इंग्रजी अक्षरांची मर्यादा घातली. चौकट भरली की कॉम्प्युटर टूं करायचा. त्या आवाजाने डोकं उठायचं, म्हणून तो मीच बंद केला. सेक्रेटरी फॉर्म वाचत आणि मी पडद्याकडे न बघता टाइप करी. त्याचा मला कोण अभिमान!

छापलेल्या यादीत नंदिगड्डे गावचं एकच नाव दोनदा दिसलं. म्हटलं, सापडला लेकाचा! दुसरं नाव मी काढून टाकलं आणि ते वेगळ्या कागदावर ठळक छापून, पुढे 'दुबार नोंद, रद्द' असं लिहून, तो कागद सोसायटीच्या दारावर चिकटवला.

चार दिवसांनी दोन शेतकरी आले, सख्खे चुलतभाऊ. त्यांच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. दोघेही आपापल्या घरात थोरले, त्यामुळे नाव एक आणि आडनावही एक. पाठ करून आले असतील, असं माझ्या मनात आलंच.

"सायेब, आमी दोन माणसं हाय," नाव काढलेला म्हणाला. "बा वेगळा हाय की."

"मग फॉर्मवर वडलांचं नाव का नाही लिहिलं?"

"लिवलंय."

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि त्याच्यासमोर टाइप करायला लागलो. आडनाव, नाव, वडलांचं नाव. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो एकदा माझ्या बोटांकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होता.

"तुमी बडवताय, पर तितं काय उमटंना," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं. आडनाव आणि नावातच वीस अक्षरं संपली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौकट तिथल्या तिथे साठ अक्षरांची केली, त्याचं नाव पुन्हा घातलं, दारावरचा कागद फाडला, बियाणं आजच देतो म्हणालो.

"बियाणं घीन मी," तो म्हणाला. "पर चार दिस बाजाराला आलेली माणसं त्यो कागद वाचून गेल्यात. त्येंच्या दारात येऊन सांगता काय, ह्यो चोर न्हवं म्हणून?"

"येतो," मी म्हणालो.

दुपारच्या बसने मी बेळगावला परतलो. त्यानंतर सोसायटीत कितीतरी वेळा गेलो, पण नंदिगड्डेला मी कधीच गेलो नाही.