कात्रीने साहेबांचे केस धुतले

आमच्या गल्लीच्या टोकाला केस कापायचं एक छोटं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीशी तीन ड्रायरच्या टोप्या आणि मागच्या कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. ते चालवणाऱ्या बाईला सगळे कात्री म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा. हे नाव तिच्या नवऱ्याने थट्टेत ठेवलं होतं. तो गेला, नाव राहिलं. बोलणं थोडं, हात सतत चालू, आणि कापताना जिभेचं टोक गालात. अवघड गणित सोडवताना वर्गातली मुलं करायची तसं.

कात्रीचा लौकिक कापण्यापेक्षा ऐकण्याचा जास्त. बेसिनवर मान मागे टाकली, डोळे मिटले, डोक्यावर कोमट पाणी आलं की माणूस सैल होतो. कानात पाण्याचा आवाज असतो, त्यामुळे आपण हळू बोलतोय असं त्याला वाटतं आणि प्रत्यक्षात तो चांगला खणखणीत बोलत असतो. म्हणून कोणी बेसिनवर असलं की कात्रीची मोठी जाऊ, जी दुसऱ्या खुर्चीवर काम करते, ती मुद्दाम ड्रायर चालू करायची. घरची भांडणं, मोडलेली लग्नं, दुखणी, असं किती काय त्या बेसिनवर बोललं गेलं. त्यातलं अवाक्षर कधी दाराबाहेर पडलं नाही. जाऊबाई म्हणायच्या, "आमची कात्री बाकी सगळं कापते, पण कुणाचं नाक नाही."

टपालवाली ही तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक आणि जिवाभावाची मैत्रीण. टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. तीही पोटात ठेवणारी. दोघी भेटल्या की तासभर बोलायच्या, आणि तरी गल्लीला कळायचं नाही काय बोलल्या. एका सकाळी बेसिनवर टपालवालीने सांगितलं की छातीत गाठ निघाली आहे, उपचार सुरू होतील, केस जातील.

"मुलीला सांगितलंस?" कात्रीने विचारलं.

"तिची परीक्षा होऊ दे. शेवटचा पेपर झाला की मीच सांगेन. तोवर तू आणि मी."

"तू आणि मी," कात्री म्हणाली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तिचं डोकं चोळत राहिली.

पण आईला ते मुलीला सांगावं लागलंच नाही. मायलेकींचा टॅब्लेट एकच होता, मुलगी त्यावर अभ्यास करायची. दोनतीन दिवसांत त्यावर जाहिराती येऊ लागल्या. आधी डोक्याला बांधायचे मऊ रुमाल, मग विग, मग "उपचारांच्या काळात तुमच्या सोबत" असं म्हणणारं कुठलंसं हॉस्पिटल. पोरगी हुशार. तिने रुमाल पाहिले, आईचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि ओळखलं. दुसऱ्या दिवशी ती पेपर अर्धा टाकून वर्गातून उठली. वर्ष गेलं.

टपालवाली दुकानात आली ती बसलीच नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाही नाही. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा सध्या राहू दे. डॉक्टर सोडले तर माझ्या तोंडून ते फक्त तुझ्याकडे गेलं होतं. मग काय, भिंतीनं सांगितलं?"

मैत्रीण निघून गेली, आणि पुढे रस्त्यात समोर आली तरी पलीकडच्या बाजूने जाऊ लागली.

भिंतीनं, हा शब्द मात्र कात्रीच्या डोक्यात रुतून बसला. कारण बेसिनवरच्या भिंतीला एक फळी होती आणि फळीवर एक डबी. ती एका बड्या कंपनीने फुकट दिलेली. हाक मारली की डबी गाणी लावायची, शाम्पू संपत आला की मागवायची, आणि गिऱ्हाइकांच्या वेळा तीच घ्यायची: कोण, कधी, कशासाठी. डबी द्यायला आलेल्या साहेबांनी ती आरशाजवळ ठेवा म्हणून सांगितलं होतं. तिथले प्लग मशीन आणि ड्रायरनी अडवलेले, आणि डोकं धुताना गाणं कानावर पडलं तर बायकांना बरं वाटेल, म्हणून कात्रीने स्वतः बेसिनवर फळी ठोकली होती. पुढे तिला सगळ्यात जास्त हेच लागलं. आपल्याच हाताने ठोकली.

"खात्री करू या," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी डबीवर आपल्या नावाने वेळ घेतली, बेसिनवर आडव्या झाल्या आणि ओरडून म्हणाल्या, "अगं, मी घोडा घेतलाय! पण मेला दाढ दुखते म्हणून काही खात नाही!"

आठवडा व्हायच्या आत त्यांच्या मोबाइलवर खोगीर आलं. पाठोपाठ चारा. मग जनावरांचे दात बघणारा कोणी डॉक्टर.

"हप्त्यानं देतायत गं खोगीर," जाऊबाई म्हणाल्या. "घेऊन टाकू का? तुझ्या दिराच्या पाठीवर बसेल."

कात्री हसली नाही. तिची तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तिने डबी उपटून नाल्यात टाकली असती तर मला नवल वाटलं नसतं. तिने ती फडक्याने पुसली आणि होती तिथेच ठेवली.

"आधी तो माणूस इथे आला पाहिजे," ती म्हणाली. "इथे. आडवा."

तिने कंपनीला फोन लावला आणि इतक्या गोड आवाजात बोलली की जाऊबाई तोंडाकडे बघत राहिल्या. गल्लीतल्या बाकीच्या दुकानांनाही डबी हवी आहे, साहेबांनीच येऊन दोन शब्द सांगावेत. साहेब लगेच गळाला लागले.

ते आले त्या दुपारी तिन्ही टोप्यांखाली माणसं होती. चष्मेवाला, इस्त्रीवाली आणि मी. खुर्च्यांवर औषधवाला आणि बेकरीवाली. चष्मेवाल्याला डोक्यावर केसच नाहीत. तरी तोही टोपीखाली गंभीरपणे बसला होता. कात्रीने प्रत्येकाच्या घरी जाऊन बजावलं होतं: टोप्या बंद राहतील, कोणी खोकायचंसुद्धा नाही. टपालवालीकडे जाऊबाईंना पाठवलं होतं. तिने दार उघडलं नाही.

साहेब गुळगुळीत होते, शर्टापासून हसण्यापर्यंत. सगळ्यांकडे पाहून त्यांनी हात हलवला.

"दमलेले दिसता," कात्री म्हणाली. "आधी डोकं धुऊन देते. नंतर हे सगळे मोकळे झाले की बोला त्यांच्याशी."

"नको नको, कशाला."

"आमच्याकडून तेवढंच. डबी काय तुम्ही विकत दिली होती?"

साहेब आडवे झाले. पाणी सुटलं. कात्रीच्या हाताखाली कोणाची मान ताठ राहत नाही. त्यांची तर लगेच ढिली पडली.

"वा," ते मोठ्याने म्हणाले. "हात आहे तुम्हाला."

"घरी तुमच्याकडे असेलच ना डबी? खोलीखोलीत?"

"छे हो!" साहेब डोळे मिटून हसले. हळू बोलतोय असंच त्यांना वाटत होतं. "बायको मला डबीसकट बाहेर काढेल. आमच्या कंपनीतलं कोणीच घरी ठेवत नाही."

"अगंबाई. का हो?"

"ऐकते ना ती!"

"हाक मारली तरच ऐकते म्हणाला होतात."

"सांगावं लागतं तसं. हाक ऐकायची तर आधी सगळंच ऐकायला नको?"

"पण कोण बोलतंय ते तिला कसं कळणार? इथे शंभर जणी येतात."

"ते तुम्हीच सांगता की! वेळा कोण भरतं डबीत? अकराला कोण आडवं झालं, ते तिला ठाऊक. काय बोललं, तेही ठाऊक. पुढे ज्याला त्या माहितीचा उपयोग, तो घेतो विकत." ते स्वतःशीच हसले. "नाहीतर फुकट कोण देतो, बाई?"

तोवर डोक्यावर भरपूर फेस झाला होता. कात्रीने दोन्ही हातांनी तो कपाळावर ओढला, आणखी थोडा खाली ओढला, आणि नळ बंद केला.

दुकान एकदम शांत झालं.

"ऐकलंत सगळ्यांनी?" तिने विचारलं.

"शब्द न् शब्द," बंद टोपीखालून चष्मेवाला म्हणाला.

साहेब धडपडत उठले. डोळे उघडले आणि तितक्याच झटकन मिटले. "पाणी! अहो, डोळ्यांत गेलं! पाणी सोडा!"

"अकराला टपालवाली आडवी झाली होती," कात्री म्हणाली. तिला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तिच्या पोरीला आईचं दुखणं तुमच्या रुमालांनी सांगितलं. पोरगी पेपर टाकून उठली. आणि माझी मैत्रीण मला चुगलखोर समजते. पाणी हवंय? बाहेर मागा."

"मी... आमच्या नियमांत सगळं लिहिलेलं असतं..."

"मग नियमांनी धुवा," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

साहेब चाचपडत बाहेर पडले. पण गल्लीत त्यांना पाणी कोण देणार? बेकरीवाली आणि औषधवाला त्यांच्याआधी धावले होते. दोघांकडे आधीच्या डब्या होत्या, त्या त्यांनी आणल्या. कात्रीने फळीवरची आणली. साहेबांच्या गाडीच्या मागच्या सीटवर तिन्ही ओळीने बसवल्या. त्यातली बॅटरीवाली एक अजून गाणं म्हणत होती.

एवढ्यावर कात्रीने सोडलं असतं तर गोष्ट निराळी. पण तिला सूड पुरता हवा होता. बेसिनवर ऐकलेलं आयुष्यात तिने पहिल्यांदा बाहेर नेलं. "बायको मला डबीसकट बाहेर काढेल" हे वाक्य तर तिने भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं, साहेबांच्या आवाजात. मी तिला म्हटलं, "अगं, बेसिनवरचं ना ते?" ती म्हणाली, "हो. मुद्दाम." तिचं नुकसानही झालं. बायका आता डोकं धुताना जरा जपून बोलतात, हे तिलाही कळतं. त्याचं वाईट वाटत असेल, पण पश्चात्ताप मला काही दिसला नाही.

टपालवाली आली ती सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना. सोबत मुलगी. टपालवालीच्या डोक्यावरचे केस पुंजक्यांनी जात होते.

"काढून टाक सगळे," ती म्हणाली. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. कात्रीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि मशीन चालू केलं. मुलीने आईचा हात धरला. जाऊबाई केर काढायच्या निमित्ताने पाठ करून उभ्या राहिल्या. हे मला त्यांनीच सांगितलं.

अर्धं डोकं झाल्यावर टपालवाली म्हणाली, "सगळी गल्ली सांगते ते मला नकोय. तू सांग."

कात्रीने सांगितलं, पहिल्यापासून. बायकोच्या वाक्याला मुलगी खुदकन हसली, गाणं म्हणणाऱ्या डबीला तिची आई इतकी हसली की मशीन बाजूला धरावं लागलं.

मग डोळे पुसत तिने विचारलं, "फेस डोळ्यांत गेला का पण?"

"गेला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं झालं," टपालवाली म्हणाली आणि तिने मान पुन्हा खाली केली.